परीक्षा संपल्यावर गाडी कशी वागते?

शाळेच्या फाटकापुढून एखादी उंच, रुंद, चकचकीत एसयूव्ही गेली की तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या माना तिच्याकडे वळतात. लगेच चर्चा सुरू होते. तिची अश्वशक्ती किती, शंभराचा वेग ती किती सेकंदांत गाठते, किंमत किती! या कुतूहलाबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मोटारींच्या वेडातून भौतिकशास्त्राकडे वळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. माझी तक्रार निराळी आहे. आपण गाडीविषयी जे प्रश्न विचारतो, ते सगळे तिच्या मालकाच्या सुखाचे असतात. कोणी मोजत नसताना ती रस्त्यावर कशी वागते, हे आपण विचारत नाही. माझ्या मते यंत्राची खरी पारख तेथेच होते. हे मत मी हवेत मांडत नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेल्या एका मोजणीच्या आधाराने मी ते मांडणार आहे. मात्र ती मोजणी समजण्यासाठी आधी हे यंत्र समजून घेतले पाहिजे.

ठिणगीवाचून पेटणारे इंधन

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा झपाट्याने दाबली की तिचे तापमान वाढते. डिझेल एंजिन याच गोष्टीवर उभे आहे. त्याच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो. उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर ३०० केल्विन तापमानाची हवा अशा दाबण्याने ९०० केल्विनच्या वर जाईल, असे गणित सांगते. प्रत्यक्षात थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निसटते. तरीही त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो ठिणगीवाचून पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १८९२ मध्ये अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे त्यांच्या एंजिनाची चाचणी यशस्वी झाली. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे ते कार्यात रूपांतर करी. त्या काळच्या वाफेच्या एंजिनांना हे साधत नव्हते. आज मोटारींची चांगली डिझेल एंजिने ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहेत.

आता एका आलिशान गाडीचे उदाहरण घेऊ. बीएमडब्ल्यू कंपनीची 'एक्स-५ एक्सड्राइव्ह ३५-डी' ही डिझेल एसयूव्ही अमेरिकेत २००९ ते २०१३ या सालांच्या मॉडेलांत विकली जाई. तिचे वजन सुमारे २,३५० किलोग्रॅम, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान मोटारीच्या अडीचपटीहून अधिक. एंजिन तीन लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले. शक्ती २६५ अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ १९७ किलोवॅट. टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, सुमारे ५७५ न्यूटन-मीटर. हा सर्वाधिक टॉर्क एंजिन मिनिटाला केवळ १,७५० फेरे घेत असतानाच मिळतो.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. गाडीचा सारा स्वभाव त्यात आला. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. १,७५० फेऱ्यांना कोनीय वेग सुमारे १८३ रेडियन प्रतिसेकंद होतो. त्याला ५७५ ने गुणले की १०५ किलोवॅट शक्ती येते. म्हणजे एंजिन अजून मंद लयीत, फारसा आवाज न करता फिरत असतानाच निम्म्याहून अधिक शक्ती हाताशी असते. म्हणून अशी गाडी घाट चढताना धापा टाकत नाही आणि चालकाला चढ जाणवतच नाही. सामान्य पेट्रोल एंजिनाला हीच शक्ती देण्यासाठी पुष्कळ जास्त फेरे घ्यावे लागतात आणि खालचा गिअर शोधावा लागतो.

एवढा जोर तीन लिटरच्या एंजिनात येतो कोठून? जास्त इंधन जाळायचे तर जास्त हवा हवी. ती कोंबण्यासाठी टर्बोचार्जर असतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक पाते फिरते आणि त्याच आसावर बसवलेले दुसरे पाते ताजी हवा दाबून सिलिंडरकडे ढकलते. मोठे पाते भरपूर हवा देते, पण ते सुस्त असते. लहान पाते चटकन वेग घेते, पण पुरे पडत नाही. या एंजिनात म्हणून दोन टर्बोचार्जर आहेत, एक लहान आणि एक मोठा. आरंभी लहान काम करतो आणि फेरे वाढले की मोठा भार उचलतो.

आता थोडे गणित करू. चालकासह २,४०० किलोग्रॅमची ही गाडी ताशी ९६ किलोमीटरचा वेग साधारण सात सेकंदांत गाठते. त्या वेगाला तिची गतिज ऊर्जा साडेआठ लाख ज्यूल होते. सात सेकंदांनी भागा. सरासरी शक्ती १२० किलोवॅटच्या घरात येते. जवळजवळ अडीच टन लोखंड, काच आणि कातडे इतक्या सहजतेने पुढे फेकणे ही साधी कारागिरी नव्हे. या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. पुढे जे सांगायचे आहे, ते हा आदर बाजूला न ठेवता सांगायचे आहे.

जोराची दुसरी बाजू

सिलिंडरमध्ये ज्वलन जितके तप्त, तितके एंजिन कार्यक्षम. पण हवेत चार-पंचमांश नायट्रोजन आहे. एरवी तो शांत असतो. दीड हजार अंश सेल्सियसच्या वर मात्र तो ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. डिझेल एंजिनात हवा गरजेहून जास्त असते, त्यामुळे हा त्रास अधिक. ज्वलन थंड ठेवावे तर काजळी वाढते. म्हणजे एका दोषाला दाबले की दुसरा वर येतो.

नायट्रोजनची ही ऑक्साइडे गाडीत बसलेल्याला जाणवत नाहीत. त्यांना रंग दिसेल इतकी ती धुराड्यातून दाट येत नाहीत. पण नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचा दाह करतो, दम्याचा विकार बळावतो, आणि सूर्यप्रकाशात याच वायूंपासून जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. त्याची किंमत पदपथावरून चालणारा मोजतो. गाडीचा जोर मालकाला मिळतो, धूर मात्र तुमच्याआमच्या वाट्याला येतो. म्हणूनच सरकारने मर्यादा घालून देणे आवश्यक ठरते.

यावर रसायनशास्त्राने एक सुरेख उपाय दिला आहे. गाडीत एक वेगळी टाकी ठेवून तीत युरियाचे पाण्यातील द्रावण भरायचे. गरम धुरात त्याचा फवारा सोडला की अमोनिया मोकळा होतो, आणि उत्प्रेरकाच्या सान्निध्यात अमोनिया व नायट्रोजनची ऑक्साइडे यांची विक्रिया होऊन साधा नायट्रोजन आणि पाणी उरते. एक्स-५ मध्ये हीच योजना होती. फवारा किती आणि केव्हा सोडायचा, हे गाडीतील संगणक ठरवतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

खोलीतली परीक्षा आणि रस्त्यावरची

गाड्यांची तपासणी पूर्वापार प्रयोगशाळेत होत आली. गाडी रोलरांवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग, असा वेळापत्रकाप्रमाणे कार्यक्रम चालतो. अशा तपासणीचा मोठा गुण असा, की ती पुन्हा पुन्हा तशीच करता येते. दोषही तोच. प्रश्नपत्रिका सर्वांना आधीच माहीत असते.

२०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका छोट्या गटाने डिझेल गाड्या रस्त्यावर नेऊन मोजायचे ठरवले. डॅन कार्डर हे गटाचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मार्क बेश, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना या तरुण संशोधकांपैकी शेवटचे दोघे भारतातून तेथे गेलेले. कोणाची लबाडी उघडी करायला ते निघाले नव्हते. अमेरिकेच्या कडक नियमांमुळे तेथील डिझेल गाड्या किती स्वच्छ झाल्या आहेत, हे युरोपला दाखवून देता येईल, अशीच अपेक्षा होती. त्यांनी तीन गाड्या घेतल्या. फोक्सवॅगनची जेट्टा, त्याच कंपनीची पसाट, आणि आपली ओळखीची एक्स-५. धुराचे मापन करणारी यंत्रे आणि त्यांना वीज पुरवणारे जनित्र गाडीच्या मागच्या भागात बसवून ते कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरले. पसाट तर लॉस एंजेलिसपासून सिॲटलपर्यंत नेऊन परत आणली. हा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास.

निष्कर्ष काय आले? जेट्टाच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाली. पसाटच्या धुरात ५ ते २० पट. आणि तिघींत सर्वांत जड, सर्वांत शक्तिमान एक्स-५? चढउतारांच्या एका ग्रामीण मार्गाचा अपवाद सोडला, तर ती मर्यादेच्या आत किंवा तिच्याजवळ राहिली. आणखी एक गोष्ट. जेट्टा आणि पसाट या दोन्ही गाड्या प्रयोगशाळेत रोलरांवर चढवल्या, तेव्हा त्या व्यवस्थित उत्तीर्ण झाल्या!

येथे थोडे थांबा आणि संशोधकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ३५ पट असा आकडा आला तर पहिली शंका आपल्याच यंत्रांवर घ्यावी लागते. त्यांनीही ती घेतली. मोजण्या पुन्हा पुन्हा केल्या, यंत्रे तपासली. या ठिकाणी एक्स-५ चा मोठा उपयोग झाला. त्याच यंत्रांनी, तशाच रस्त्यांवर तिची मोजणी ठीक येत होती. मग दोष यंत्रांत कसा असेल? प्रयोगात तुलनेसाठी एक नमुना का ठेवायचा, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

पसाटमध्येही युरियाची टाकी होती, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. म्हणजे औषध तिच्याजवळ होते, पण रस्त्यावर ते पुरेसे घेतले जात नव्हते. कारण १८ सप्टेंबर २०१५ रोजी उघड झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले, की या गाड्यांच्या संगणकात तपासणी ओळखणारी आज्ञावली आहे. चालनचक्र वळते की नाही, वेग कसा बदलतो, एंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, यांवरून आपली परीक्षा चालू आहे हे गाडी ओळखी आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागे. अशा आज्ञावलीच्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीने मान्य केले. जानेवारी २०१७ मध्ये तिने अमेरिकेत फौजदारी गुन्ह्याचीही कबुली दिली.

तेविसाव्या मिनिटाला

तुम्ही म्हणाल, या लहान गाड्या झाल्या. आलिशान गाड्यांचे काय? नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच अमेरिकी संस्थेने दुसरी नोटीस काढली. या वेळी तीन लिटरची डिझेल एंजिने होती आणि यादीत फोक्सवॅगन तुआरेग, ऑडी क्यू-५, पोर्शे कायेन ही नावे होती. ही सारी मोठी, महाग, कातडी आसनांची एसयूव्ही कुटुंबे. नोटिशीत म्हटले होते, की प्रमाणित तपासणीला लागतो तितका वेळ, सुमारे २३ मिनिटे, ही गाडी स्वच्छ चालते. तो वेळ सरला की संगणक वागणूक बदलतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या नऊ पटींपर्यंत वाढू शकतात.

क्षणभर असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गाडीत शांतता आहे, आसने मऊ आहेत, एंजिन गुरगुरत आहे, टॉर्क तोच, वेग तोच. तेविसाव्या मिनिटाला आत बसलेल्याला काहीही जाणवत नाही. बदल होतो तो फक्त मागे, धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत. गाडीचा स्वभाव चालकाच्या हाताला जो जाणवतो तेवढाच मानायचा, तर ही गाडी उत्तम होती, असेच म्हणावे लागेल. म्हणूनच ती व्याख्या मला अपुरी वाटते.

मग एक्स-५ बनवणारी कंपनी सज्जन आणि दुसरी दुर्जन, असा निकाल द्यायचा का? इतक्या घाईने देऊ नका. ८ जुलै २०२१ रोजी युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन गट आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. कायद्याहून अधिक चांगली धूरशुद्धी करण्याचे तंत्र हाती असूनही त्यात एकमेकांशी स्पर्धा करायची नाही, असा समझोता त्यांनी डाइमलर कंपनीसह केला होता. डाइमलरने स्वतःच ही माहिती दिल्याने तिचा दंड माफ झाला. यात तपासणी चुकवणारी आज्ञावली नव्हती, हे खरे. पण जो आणखी चांगले करू शकतो त्याने न करण्याचे ठरवणे, हीही एक वागणूकच आहे. तात्पर्य, नावावर विश्वास ठेवू नये, मोजणीवर ठेवावा. आणि मोजणीही वेगवेगळ्या ठिकाणी, अवचित, पुन्हा पुन्हा करावी.

सुदैवाने ही गोष्ट आता नियमांत उतरली आहे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना रस्त्यावरील मोजणी लागू झाली. आपल्याकडेही २०१५ मध्ये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केलेल्या चाचण्यांनंतर फोक्सवॅगनला सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरील धुराचीही मर्यादा पाळावी लागते. कोणी म्हणेल, आता विजेच्या मोटारी येत आहेत, डिझेलचे जुने प्रकरण कशाला उकरायचे? पण विजेची मोटार एका भरणीत किती किलोमीटर जाते हेही शेवटी कोणीतरी, कोठेतरी मोजूनच सांगतो. इंधन बदलेल, हा प्रश्न बदलणार नाही.

आपल्या जर्नलातील तुआरेग

शेवटचा मुद्दा मोटारींचा नाही, आपला आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग असतो. दरवर्षी माझ्यापुढे जर्नले येतात आणि त्यांत उत्तर असते ९.८१! लाकडी मोजपट्टी, हाताने दाबायचे घड्याळ, खिडकीतून येणारा वारा, आणि तरी नेमके ९.८१. ही नोंद कशी झाली हे मला ठाऊक असते आणि लिहिणाऱ्यालाही. उत्तर आधी धरले, आवर्तकाल मागून लिहिला. परीक्षा ओळखून तेवढ्यापुरते वागणारी आज्ञावली आपणही मुलांच्या डोक्यात घालत असतो.

एकदा एका विद्यार्थिनीने ९.६ असे उत्तर आणले आणि ती घाबरून उभी राहिली. तिने दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या आकड्यापर्यंत मोजली होती. ५० सेंटिमीटर लांबीत एक सेंटिमीटर कमी धरला गेला आणि उत्तर दोन टक्क्यांनी घसरले. हे तिचे तिलाच शोधता आले, कारण तिच्या नोंदी खऱ्या होत्या. खोट्या नोंदीत चूक शोधता येत नाही. शोधायला काही उरतच नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. प्रयोगाचे गुण उत्तर पुस्तकाशी किती जुळते यावर देऊ नका. नोंद खरी आहे का आणि फरकाचे कारण शोधले आहे का, यावर द्या. फोक्सवॅगनच्या अभियंत्यांना रसायनशास्त्र येत नव्हते असे नाही. उत्तम येत होते. मर्यादेत न बसणारा आकडा वरिष्ठांपुढे ठेवण्याची सवय मात्र त्यांना कोणी लावली नसावी. ती सवय तिशीत लागत नाही, जर्नलाच्या पहिल्या पानापासून लावावी लागते.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी फाटकापुढून ती उंच गाडी गेली की खुशाल मान वळवा. तिचा टॉर्क विचारा, टर्बोचार्जर किती ते विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की हिचा धूर कोणी मोजला, कोठे मोजला, आणि तेविसाव्या मिनिटानंतर मोजला का?